तांबड्या रेघेची फळी

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो. जात पॅकिंगच्या खोक्याची! अबुधाबीजवळच्या मुसफ्फ्यात युनिफॉर्म शिवणारी एक कंपनी आहे. तिथल्या नागेश सुतारानं मला रंधा मारला, अंगावर सेंटिमीटर आखले आणि कंपनीच्या पाळणाघराच्या दाराशी उभं ठोकलं. शिवणकाम करणाऱ्या बायांची मुलं इथं असतात. निम्मी फी कंपनी भरायची, म्हणून तर त्या गरिबांना परवडायचं.

दर महिन्याला पोरं माझ्याशी पाठ लावून उभी राहत. त्यांना सांभाळणारी शहनाझआपा खूण करायची. "माशाल्ला, केवढी वाढलीस ग!" म्हणायची आणि सगळे टाळ्या पिटायचे. काय माझा रुबाब होता म्हणून सांगू! सगळ्यांत उंच कुबराची लायबा. अगदी बापावर गेलेली. बाप लियाकत लांब रुवैसला कामाला, पंधरवड्यानं घरी यायचा.

अठ्ठ्याण्णव साल उजाडलं आणि नियम बदलला. निम्मी फी आता फक्त तीन वर्षांखालच्या मुलांची. ऑफिसचे साहेब म्हणाले, "बर्थ सर्टिफिकेट नको. तुम्ही लोक खोटी आणता. पंच्याण्णव सेंटिमीटरच्या वर गेलं की खलास!" त्यांनी माझ्या अंगावर तांबडी रेघ ओढली.

लायबा पावणेतीनचीच होती हो! मोजणीच्या दिवशी कुबरा तिच्या कानात कुजबुजली, "गुडघे वाकव ग, माझी बाय." पण पोरीनं आजवर टाळ्याच ऐकलेल्या. "नो मम्मी! आय ॲम बिग!" म्हणत ती ताठ उभी राहिली, वर टाचाही उचलल्या. साहेब हसले. "बघा, पोरगी तरी खरं बोलते," म्हणाले आणि नाव खोडलं. मेल्याला लाज कशी ती वाटली नाही!

पूर्ण फी कुठून भरणार? काम सोडलं तर खायचं काय? आठवड्याभरात कुबरानं लायबाला गावी निघालेल्या शेजारणीबरोबर रत्नागिरीला, नानीकडे धाडलं. "तू मोठी झालीस ना, म्हणून," एवढंच तिला समजावलं.

परवा कुबरा माझ्यासमोरच ढसाढसा रडली. "आपा, अम्मीचा फोन होता. लायबा जेवतच नाही. म्हणते, खाल्लं की मोठी होईन. लहान झाले की मम्मी घेऊन जाईल."

उद्या पुन्हा मोजणी आहे. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मला उपटा आणि खुशाल चुलीत घाला. फक्त रत्नागिरीकडे कुणी जाणार असाल, तर त्या पोरीला सांगा, पोटभर जेव बाळा. वाढलीस यात तुझी काही चूक नव्हती.