दुधाच्या नळीने ऐकलेले काळीज

मित्रांनो, बारामतीत भिगवण रस्त्यावरच्या एका लहानशा दवाखान्यात डॉक्टरांच्या खुर्चीमागे एक खिळा आहे. त्या खिळ्याला जो जुना स्टेथोस्कोप लटकलेला दिसतो, तो मी. कानांत घालायच्या माझ्या दांड्या एके काळी चकचकीत होत्या, आता त्या काळवंडल्या आहेत. छातीवर टेकवायची चकती अजून शाबूत आहे. मधली नळी मात्र विजोड आहे: वरची करडी, खालची काळी आणि जाडजूड. नवे पेशंट तिच्याकडे पाहून हसतात. हसू द्या. ज्या विजोडपणाला ते हसतात, तोच माझा दागिना आहे.

माझा जन्म दिल्लीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी पुण्यातल्या एका दुकानाच्या काचेमागे आलो. लोणी भापकरची एक सडपातळ मुलगी डॉक्टरी शिकायला पुण्यात आली होती, तिने मला विकत घेतले. तिचे नाव योगिनी भापकर. दुकानातच तिने माझी चकती स्वतःच्या छातीवर ठेवली. मी वाहून नेलेला पहिला ठोका तिचाच होता. तो फार घाबरलेला होता. पुढे मी हजारो ठोके वाहिले, पण त्या पहिल्या ठोक्याची आठवण आली की अजूनही माझ्यातली हवा किंचित थरथरते.

शिक्षण संपवून योगिनीबाईंनी बारामतीत दवाखाना उघडला. त्या लूनावरून खेड्यापाड्यांत जात आणि मी त्यांच्या पिशवीत असे. इंदापूरकडच्या उन्हाने माझी नळी वाळली, चिरली, आणि एके दिवशी तिने आवाज सांडायला सुरुवात केली. त्या काळात तसली नळी बारामतीत मिळत नसे. नेमके तेव्हाच औद्योगिक वसाहतीतल्या एका दूध डेअरीत काम करणारे तात्याबा फिटर खोकल्याचे औषध घ्यायला आले होते. त्यांनी मला उलटेपालटे करून पाहिले आणि दुसऱ्या दिवशी दूध काढण्याच्या मोडीत निघालेल्या यंत्राची काळी रबरी नळी आणून माझ्या खालच्या अंगाला बसवून दिली. ते म्हणाले, "बाई, म्हशीची धार सोसलीया हिनं. माणसाचं काळीज काय जड न्हाय हिला."

तुकडा वीतभर आखूड होता. त्यामुळे पेशंटला तपासताना बाईंना पूर्वीपेक्षा खूप खाली वाकावे लागे. पण नळी जाड असल्यामुळे रस्त्यावरच्या ट्रॅक्टरचा आवाज आत शिरत नसे. बाकावर बसलेले लोक मात्र थट्टा करत, "बाई, आज किती लिटर निघालं?" बाई हसत नसत, पण त्यांच्या छातीशी लटकलेल्या मला त्यांचे हसू आतून कळे. अशा रीतीने मी 'दुधाची नळी' झालो. थोडा अपमान वाटला, हे खरे. पण मित्रांनो, अपमान आणि मान कधी कधी एकाच दोरीने बांधलेले असतात, हे मला पुढे कळले.

ती १९९४ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. तात्याबांच्या हाताखाली काम करणारा झुंबर नावाचा तरुण आपली बायको म्हाळसा आणि आई कुशाबाई यांना घेऊन दवाखान्यात आला. ही अंथुर्ण्याची माणसे. पूर्वी घरात मेंढरांचा कळप होता. आता थोडा कांदा, थोडा टोमॅटो, आणि झुंबरची डेअरीतली नोकरी. म्हाळसा खुरपताना वाकली की तिला अंधारी येई, उठली की ती कोसळे. अंगात बारीक ताप होता. तिला उताणे निजवत नसे, धाप लागे. तीस वर्षांच्या आत-बाहेरची ती बाई काठीसारखी वाळली होती.

बाईंनी तिला बसवून माझी चकती तिच्या डाव्या स्तनाखाली टेकवली. मी आवाज वाहून नेला: दोन ठोके, त्यांच्यामागे एक 'धप्प', आणि मग जात्याची दूरची घरघर. बाईंनी तिला क्षणभर निजवले आणि पुन्हा ऐकले. धप्प नाही. घरघर नाही. पुन्हा बसवले. धप्प परत आले. आवाज करणारी वस्तू आतल्या आत जागा बदलत होती. काळजातल्या आखडलेल्या झडपेचा आवाज मी पुष्कळ वेळा नेला होता. तो असा लपंडाव खेळत नसे.

बाईंनी विचारले, "म्हाळसा, कधी अंगावरून वारं गेलं होतं का?"

आमच्या भागात अर्धांगवायूबद्दल असेच विचारतात. पण उत्तर कुशाबाईंनी दिले, आणि ताठ मानेने दिले.

"गेलं न्हाय बाई. आलं हुतं. बिरदेवाचं वारं आलं हुतं हिच्या अंगात."

मग त्यांनी सांगितले ते असे. गावच्या जत्रेत म्हाळसा नैवेद्याचे ताट घेऊन देवळापुढे उभी होती. एकाएकी तिच्या उजव्या हातातून ताट सुटले. तोंड एका बाजूला ओढले गेले. ती खाली बसली आणि पुन्हा पुन्हा एकच अक्षर म्हणू लागली: "पा... पा..." ढोल थांबले. लोक म्हणाले, देव हिच्या मुखातून भाकणूक सांगतो आहे, म्हणजे येत्या सालाचे भाकीत. जाणत्यांनी अर्थ लावला की देव 'पाप, पाप' म्हणतो आहे, गावात पाप वाढले आहे. तिच्या कपाळावर देवाच्या हळदीचा भंडारा लावला गेला. थोड्या वेळाने हात उचलू लागला, जीभ वळू लागली, तेव्हा देव निघून गेला असे सगळ्यांना वाटले. तेव्हापासून दर रविवारी कुशाबाई सुनेला घोंगडीवर बसवत आणि शेजारच्या गावांतल्या बायाही तिच्या पाया पडायला येत. साऱ्या हयातीत मेंढरांमागे धावलेल्या त्या म्हातारीच्या दारी पहिल्यांदाच लोक चपला काढून येत होते.

 बाईंनी पुन्हा माझी चकती म्हाळसाच्या छातीवर ठेवली आणि माझ्या आखूडपणामुळे त्यांना नेहमीसारखे तिच्या तोंडापाशी वाकावे लागले. तेवढ्यात म्हाळसा कुजबुजली. तिचे शब्द अर्धे ओठांवरून गेले, अर्धे छातीतून माझ्यात उतरले. सासू हातभर अंतरावर होती. तिला काहीच ऐकू गेले नाही.

"बाई, द्येव न्हवता त्यो. मी पाणी मागत हुते."

मित्रांनो, मी धातू आणि रबर आहे. मला रडायला डोळे नाहीत. पण त्या वाक्याचे ओझे मला म्हशीच्या धारेपेक्षा जड झाले. भर जत्रेत एक बाई तहानेने पाणी मागते, सारा गाव तिच्या पायावर डोके ठेवतो, आणि पाणी कोणीच देत नाही.

बाईंनी मान वर केली तेव्हा त्यांनी ते गुपित आपल्याजवळच ठेवले. त्यांनी फक्त आजार समजावला. त्या म्हणाल्या की शेळीच्या गळ्याखाली जशी मांसाची बोटे लोंबतात, तशी एक गाठ म्हाळसाच्या काळजात देठाने लोंबते आहे, असा त्यांना संशय आहे. बसले की ती काळजाच्या आतल्या दारात येऊन अडते, म्हणून अंधारी येते. त्या गाठीचा कण तुटला की तो रक्तातून डोक्याकडे जातो. पाण्याच्या चारीत गवताचा बुडखा अडकला की पुढचा वाफा कोरडा राहतो, तसा मेंदूचा तेवढा भाग रक्तावाचून राहतो आणि हात, जीभ जागच्या जागी थांबतात. त्या वेळी बुडखा वाहून गेला, म्हणून ती सावरली. पुढच्या वेळी तो तिथेच बसेल. पुण्याला मोठ्या यंत्रावर तपासणी करायची, आणि गाठ निघाली तर काळीज उघडून ती काढायची.

कुशाबाई उसळल्या. "म्हंजी द्येवाला रोग म्हनायचं व्हय? माझ्या सुनंची छाती फाडून बिरदेव हुडकनार हाय व्हय तुमी?"

झुंबर जमिनीकडे पाहत म्हणाला, कांदा निघाला की बघू. बाईंच्या बोटांतली घाई मला जाणवत होती. कांदा निघेपर्यंत दुसरा कण थांबेल, याची हमी कोणाजवळ होती?

बाई कुशाबाईंकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मावशी, तुम्ही मेंढरं राखलीत ना?"

"राखलीत म्हंजी? चालत्या कळपामागं दोन बाळंतपणं झाली माझी."

"मग गाभण मेंढीच्या पोटाला कान लावला असेल."

"लावलाय की. कोकराचं काळीज आईकून सांगायची मी, जित्तं हाय का न्हाय."

"आता सुनेच्या छातीला लावा."

आणि बाईंनी माझ्या दांड्या कुशाबाईंच्या कानांत घातल्या. माझ्या आयुष्यात मला प्रथमच एका न शिकलेल्या माणसाने कानांत घेतले. त्यांचे कान उन्हाने रापलेले होते, पण ऐकणारे होते. मी जमेल तेवढा स्वच्छ आवाज वाहून नेला. ठोका, ठोका, धप्प. कुशाबाईंचा चेहरा हळूहळू बदलला. सुनेला निजवल्यावर आवाज नाहीसा झाला, तशा त्या दचकल्या.

"कुठं गेलं?"

"तिथंच आहे," बाई म्हणाल्या. "निजलं की दारातून बाजूला होतं."

म्हाळसाने एकदा बाईंकडे पाहिले. मग सासूच्या डोळ्यांत न पाहता, माझ्या चकतीकडे पाहत ती हळूच बोलली. ते बोलणे माझ्यातून थेट कुशाबाईंच्या कानांत गेले.

"आत्याबाई, जत्रंत मी पाणी मागत हुते. पाप न्हाय. पाणी."

 कुशाबाईंनी दांड्या कानांतून काढल्या आणि मला हलकेच टेबलावर ठेवले. अंडे ठेवावे तसे. त्या उठल्या, कोपऱ्यातल्या माठापाशी गेल्या, तांब्या भरला आणि सुनेसमोर धरला.

"घे. तवाच द्याया पायजेल हुतं."

म्हाळसा पाणी पिताना रडली. कुशाबाई रडल्या नाहीत. त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "गाडी बघ. कांदा कुठं पळून जात न्हाय. द्येवाचं मी बघते, तू हिला बघ."

त्याच संध्याकाळी ती माणसे पुण्याला निघाली. तिथल्या मोठ्या यंत्राच्या पडद्यावर ती गाठ दिसली, काळजाच्या डाव्या वरच्या कप्प्यात, देठाला झुलणारी, लिंबाएवढी. मोठ्या डॉक्टरांनी ती काढली. मी तिथे नव्हतो. पण जे त्या यंत्राने पाहिले ते मी आधी ऐकले होते, आणि हा अभिमान मी कोणालाही देणार नाही.

पुढे म्हाळसा दाखवायला आली तेव्हा बाईंनी मलाच तिच्या छातीवर ठेवले. ठोका, ठोका. मागे काही नाही. पहाटेच्या शिवारासारखी शांतता. तिच्या उजव्या हाताची पकड थोडी सैल राहिली. भाकरी थापताना एक कड जाड होते, असे ती सांगे. पण ती भाकरी थापत होती.

आणि कुशाबाई? त्यांनी देव सोडला नाही. त्यांनी एक नवी रीत पाडली. जत्रेत कोणाच्याही अंगात वारे आले की ही म्हातारी ढोल थांबवून पुढे होते. आधी दोन्ही हात वर करायला लावते, मग स्वतःचे नाव सांगायला लावते. हात वर गेले आणि नाव नीट आले तर कपाळाला भंडारा. एक हात खाली राहिला किंवा जीभ अडखळली तर सरळ जीप. गावातल्या एका टवाळाने विचारले म्हणे, "म्हातारे, द्येवाची बी परीक्षा घेतीस व्हय?" त्यावर ती म्हणाली, "द्येव पास हुतोय रं. तू भिऊ नगंस."

मित्रांनो, त्यानंतर काळ पुढे सरकला. काळजाचे चित्र दाखवणारे यंत्र बारामतीतही आले. बाईंना एक नवा, हलका, लांब नळीचा स्टेथोस्कोप कोणीतरी भेट दिला, आणि मी खिळ्यावर गेलो. माझे रबर कडक होत चालले आहे. कधी कधी खिडकीतून वारा येतो, मी भिंतीवर किंचित आपटतो, आणि मलाच 'धप्प' असा आवाज ऐकू येतो. तेव्हा थोडे उदास वाटते. पण तक्रार नाही. नवा स्टेथोस्कोप चांगला आहे. फक्त त्याला लांबून ऐकता येते, म्हणून कोणाला वाकावे लागत नाही.

तुमच्या घरात एखाद्याची जीभ अचानक अडखळली, हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले, आणि घटकाभराने सारे पूर्ववत झाले, तरी 'गेले एकदाचे' म्हणून विसरू नका. जे आले आणि गेले, ते परत येण्याची वाट शोधत असते. त्या माणसाला तातडीने दवाखान्यात न्या. आणि तो काय म्हणतो आहे याचा अर्थ आपल्या मनाने लावण्याआधी, जरा वाकून ऐका. जुन्या वस्तूही पुसून, जपून ठेवा. त्यांच्यातली एखादी अजून कोणाचे तरी बोलणे पोहोचवू शकेल.

माझ्या चकतीच्या कडेला एक पिवळा डाग आहे. दर वर्षी जत्रा झाली की कुशाबाई येतात. मी खिळ्यावर गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांनी मला उतरवले, वळवून पाहिले आणि बाईंना विचारले, "ह्या नळीच्या आत काय असतंय वो?"

"काही नाही मावशी," बाई म्हणाल्या. "नुसतं वारं."

कुशाबाईंनी मान डोलावली. कनवटीची पुरचुंडी सोडली, चिमूटभर भंडारा घेतला आणि माझ्या कपाळाला लावला. बाईंनी तो आजवर पुसलेला नाही.