काठ्या वाटल्या त्या दिवशी

जाळी विणायची म्हणून तिला सगळे जाळेवालीच म्हणत. तिचा नवरा जन्मभर नदीच्या खळाळत्या धारेत उभा राहून मासे धरत आला. तिथल्या बारक्या काळ्या माश्या दिवसभर त्याला फोडून काढायच्या. मग खाज सुटली, झोपेतसुद्धा तो अंग ओरबाडायचा. पुढे नजरेवर धुकं आलं आणि एक दिवस दिसायचंच थांबलं.

आरोग्य केंद्रातल्या नर्सने सांगितलं, त्या माश्या चावल्या की अंगात जंत होतात, त्यांची पिल्लं डोळ्यांत शिरतात. दरवर्षी एकदा गोळ्या घेतल्या असत्या, तर डोळे वाचले असते.

"मग दिल्या का नाहीत?"

नर्सने खरं ते सांगून टाकलं. गोळ्या कधीच्याच आल्या होत्या, पण गोदामाला कुलूप होतं. वाटपाचा शुभारंभ मंत्र्यांच्या हातून व्हावा, असा आरोग्य खात्याच्या मोठ्या साहेबांचा हट्ट. आणि मंत्र्यांना सवड नव्हती. जाळेवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अखेर मंत्र्यांना सवड झाली, ती आंधळ्यांना पांढऱ्या काठ्या वाटायला. वरातीमागून घोडं! केंद्राच्या आवारात मांडव पडला, फोटोवाले आले. नवऱ्याचा हात धरून ती मंचावर चढली, काठी घेतली आणि मोठ्या साहेबांकडे वळली.

"साहेब, काठीची गरज तुम्हीच पाडलीत. आता गोदामाची किल्ली द्या."

साहेब हसून म्हणाले, प्रत्येक गोष्टीची एक पद्धत असते, वाटप पुढच्या महिन्यात ठेवलंय.

"माझ्या पोरीला खाज सुटलीये. तिचे डोळे तुमच्या तारखेसाठी थांबतील?"

उत्तराची वाट न बघता ती खाली उतरली आणि मंत्र्यांच्या गाडीपुढे फतकल मारून बसली. बाकीच्या बायाही येऊन बसल्या. साहेबांनी आधी दरडावलं, मग गोड बोलून पाहिलं. एकही बाई हलेना. मंत्र्यांना पुढचा कार्यक्रम होता. ते साहेबांवर खेकसले, तशी किल्ली साहेबांच्याच खिशातून निघाली.

नर्सने प्रत्येकाची उंची मोजून त्या हिशेबाने सगळ्यांना गोळ्या दिल्या. पोरीने आईसमोर गिळल्या.

घरी जाताना नवरा म्हणाला, "अगं, पोरगी वाचली. आता सोड राग."

"पोरगी वाचली, खरंय," ती म्हणाली. "पण तुमच्या डोळ्यांचा जाब कोणी दिला?"

सकाळी जाळं तसंच टाकून ती नवऱ्याला घेऊन साहेबांच्या मोठ्या कचेरीत गेली. शिपायाने काम विचारलं.

"भांडायचंय," ती म्हणाली आणि आत शिरली.