तिसऱ्या मजल्यावरचे आबा

जत तालुक्यातल्या माळांवर धोंडीबा आबांनी साठ वर्षं मेंढरं राखली. चौऱ्याहत्तरीतही ते दिवसभर कळपामागं चालायचे. बायको वारली आणि मुलगा मल्हार त्यांना सांगलीला घेऊन आला. मेंढरं चुलतभावाकडं, अर्जुनाकडं राहिली.

मल्हारचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिल्याच आठवड्यात आबा गुळगुळीत फरशीवर घसरले. कुठं मोडलं नाही, पण सून संयोगिता धसकली. "आबा, तुम्ही उठू नका. काय लागेल ते मला सांगा," ती म्हणाली. तेव्हापासून पाणी हातात, ताट पलंगावर. दोनदा आबा जिने उतरून खाली गेले. रस्त्याच्या कडेला चालायला जागाच नव्हती, गाड्या अंगावर यायच्या. "हितं जायाचं तरी कुठं?" म्हणाले आणि परत उतरले नाहीत.

दहा महिन्यांनी एका सकाळी त्यांना पलंगावरून उठताच येईना. मल्हार आणि संयोगितानं त्यांना दवाखान्यात नेलं. तिथं व्यायाम शिकवणाऱ्या दीक्षा मॅडमनी आबांची पोटरी दाबून पाहिली. कातडं नुसतं लोंबत होतं.

"लकवा आहे का?" मल्हारनं विचारलं.

"नाही. स्नायू झिजलेत. वयानं थोडे झिजतातच, पण हे बसून राहिल्यामुळं झालंय. घरात यांना पाणी कोण देतं?"

"मीच," संयोगिता म्हणाली. "त्यांना जागचं हलू देत नाही."

दीक्षा मॅडम तिला म्हणाल्या, "आता त्यांचं त्यांना घेऊ द्या. रोज खुर्चीतून दहा वेळा उठवा-बसवा. जेवणात अंडी, डाळ वाढवा. पण पहिल्यासारखं होईल, असं मी सांगू शकत नाही."

परतताना रिक्षात संयोगिता बाहेर तोंड करून बसली होती.

आबांनी मात्र एकच धोशा लावला. "मला माळावर सोड. तितं पाय आपसूक चालत्यात." दिवाळीच्या सुट्टीत मल्हार त्यांना गावी घेऊन गेला. सकाळी अर्जुनानं मेंढरं सोडली. मल्हारनं उभं केलं आणि आबा काठी घेऊन मागं निघाले. तीस-चाळीस पावलांवर खडकाळ चढण लागली. गुडघे लटपटले आणि ते खाली बसले. मेंढरं पुढं गेली. आबांनी हाळी दिली, पण आवाज फार लांब गेला नाही.

अर्जुना मागं वळून आला. मल्हारनं त्याला बाजूला घेतलं. "काका, इथंच ठेवू का त्यांना?"

"ठिवला असता रं. पर म्या दिसभर माळावर. ह्यो घरात पडला, तर बघंल कोन?"

मल्हारनं आबांना हात देऊन उठवलं. त्याची सुट्टी दोनच दिवस उरली होती.

सांगलीत परतल्यावर दोन शेजाऱ्यांनी आबांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वर चढवलं. तिन्ही मजले आबांनी डोळे मिटून घेतले होते.

मल्हारनं तळमजल्यावर घर शोधलं. दोन ठिकाणी भाडं परवडलं नाही, तिसरं होतं त्यालाही पाच पायऱ्या होत्या. संयोगिता आता पाण्याचा तांब्या लांब टेबलावर ठेवते. आबा त्याच्याकडं बघत राहतात आणि तहान लागली तरी मागत नाहीत. शेवटी तीच उठून देते.

रोज संध्याकाळी कामावरून आला की मल्हार त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं करतो. एक, दोन, तीन. चौथ्याला पाय थरथरतात.

"आबा, अजून एकदा."

"न्हाई जमत, बाळा," आबा म्हणतात.

मल्हार त्यांना हळूच खाली बसवतो.