लेक स्वप्नात येईना

मार्गशीर्षातली सांज. तापीच्या संथ, ताम्रवर्ण पात्रावरून धुकं चढत होतं, केळीबागांच्या हिरव्या, ओलसर अंधारात विरत होतं. पाखरं परतली, गुरं परतली, निद्रालस वारा पानापानांत निजू लागला. आणि ओट्यावर बसलेली कौतिकबाई मात्र टक्क जागी होती.

आषाढात तापानं तिची रेवती गेली. उणीपुरी नऊ वर्षांची पोर! तेव्हापासून निजेनं कौतिकबाईशी वैरच धरलं. रात्र-रात्र आढ्याकडे बघायचं, दिवसभर भिंती धरून चालायचं. शेवटी डॉक्टरांनी गोळी दिली. म्हणाले, "थोडेच दिवस घ्या, मग हळूहळू कमी करू. मनानं एकदम सोडू नका."

गोळीनं झोप आली. गाढ, गर्द, अथांग, निःस्वप्न झोप. त्या काळ्या डोहात ना चंद्र, ना चांदणी, ना लेकीचं मुखकमळ.

आणि रेवती तर येत होती! नणंदेच्या स्वप्नात आली, हिरव्या बांगड्या मागून गेली. गेलेलं माणूस स्वप्नात येऊन मागेल ते द्यायचं, ही त्या घरची रीत. कौतिकबाईनं आळीतल्या पोरींचे इवले हात हिरवेगार भरले आणि चुलीपाशी येऊन ऊर फुटेस्तोवर रडली. "अगं बये, आईला सोडून आत्याकडे मागतेस?"

मग तिच्या मनानं घेतलं, ही गोळीच आड येतेय. कुणाला न विचारता तिनं ती एकदम टाकली.

हाय रे दैवा! गोळी गेली, तशी झोपही गेली. अन् झोपच नाही तर स्वप्न कुठून पडणार? डोळ्यांत निखारे, हातापायांना कापरं, ओठांवर रेवती, रेवती, रेवती. काल विहिरीवर तिचा तोल गेला, नवऱ्यानं धरलं म्हणून वाचली.

आज तोच, भिकाजी, पाण्याचा तांब्या अन् गोळी घेऊन समोर उभा होता.

"घे गं. डॉक्टरांना विचारून आलोय मी. पोर गेली, आता तूही चाललीस. मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

"घेतली की ती यायची नाही हो."

त्यानं गोळी तिच्या तळहातावर ठेवली अन् तांब्या पुढे केला.

कौतिकबाईनं गोळी जिभेवर ठेवली. "रेवा," ती हलकेच म्हणाली, "आज नको येऊस हं, बाळा. आई झोपणार आहे." आणि एका थंड घोटासरशी तिनं लेकीला उंबऱ्यावरूनच परत धाडलं.