शेपटाचा दांडा

निलंग्याजवळ शेषेरावांच्या सोयाबीनमध्ये हेलिकॉप्टर आडवं पडलं होतं. काल दुपारी पडलं. पायलट सोमेश लातूरच्या दवाखान्यात होता, शुद्धीवर. हेलिकॉप्टरची देखभाल करणारी इंजिनिअर कहकशां पहाटेच नांदेडहून निघून आली होती. नऊ दिवसांपूर्वी तपासणी करून ‘उडायला योग्य’ अशी सही तिनंच केली होती.

चौकशी अधिकारी विरूपाक्ष एकेक शक्यता खोडत चालले होते. टाकीत इंधन होतं, त्यात पाणी नव्हतं. वरच्या पंख्याची पाती जमिनीत घुसून मोडली होती, म्हणजे पडेपर्यंत इंजिनात जोर होता.

"मामा, तुम्ही काय बघितलं?" त्यांनी शेषेरावांना विचारलं.

"पडायच्या आधी भोवऱ्यावानी गरगर फिरलं, साहेब. लई फिरलं."

शेपटाचा छोटा पंखा थांबला की हेलिकॉप्टर असं फिरतं. कहकशां शेपटाकडे धावली. तो पंखा फिरवणारा दांडा जोडापाशी तुटला होता.

"हात लावू नका, मॅडम," मागून विरूपाक्ष म्हणाले.

तिनं वाकून बॅटरी मारली. तुटलेल्या तोंडाचा थोडा भाग लखलखीत होता, कालच तुटलेला. बाकीचा काळपट. ती जुनी चीर होती. ग्रीसखाली कित्येक दिवस वाढत आली असणार.

आणि तिला नांदेडचं दुसरं हेलिकॉप्टर आठवलं. त्यालाही असाच दांडा, एकाच दिवशी बसवलेला. ते अकराला उडणार होतं. अकराला सात मिनिटं होती.

पहिला फोन कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा मेकॅनिक यासेरनं घेतला. मागे पंख्याचा आवाज.

"आपा, इंजिन सुरू हाय. लोक बसलेत."

"बंद करायला लाव. वर जाऊ देऊ नको."

"पण झालं काय?"

"आधी बंद कर, यासेर."

ती फोन कानाशी दाबून उभी राहिली. घरघर चालूच होती. मग हळूहळू उतरली.

"आता शेपटाच्या दांड्याचा जोड बघ. ग्रीस पुसून बघ."

फोनमधून फडकं घासल्याचा आवाज आला. मग यासेरचा आवाज बारीक आला, "आपा, केसाएवढी चीर हाय."

विरूपाक्षांनी सगळं ऐकलं होतं.

"तुम्ही तेव्हा ग्रीस पुसलं होतं?"

"नाही. वरूनच बघितलं आणि सही केली."

"लिहून द्याल?"

"देते."

दुपारी ती लातूरला गेली. सोमेशचा पाय प्लास्टरमध्ये होता. तिला बघताच तो म्हणाला, "माझं काय चुकलं, मॅडम? कालपासून तेच आठवून राहिलो."

"तुमचं नाही. माझं चुकलं."

सोमेशनं तोंड भिंतीकडे फिरवलं. ती निघून गेली नाही. स्टूल ओढून तिथंच बसली.