सोमवारची सही

"कुमुदताई, निशानी कोनती भेटली आपल्याले?"

मीराबाईनं भाजीची टोपली खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि कपाळ पुढे केलं. कुमुदनं तिला कुंकू लावलं. बीरगांवच्या त्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, ती वॉर्डाच्या निवडणुकीसाठी मतं मागायला नुसती हात जोडून फिरली नव्हती. करंडा घेऊन दारोदार गेली होती.

"काल वाटल्या म्हणे. हे रात्री आले ते थकूनच. सकाळी विचारलं, तर सांगतो म्हणाले अन् निघून गेले. घडा मागितला होता मी."

"घडाच पायजे. नळाले पानी कुठी हाय? आपला रिकामा घडा आठवूनच बाया बटन दाबतील."

दोघी हसल्या. तेवढ्यात कोपऱ्यावरून भोंग्याची रिक्षा वळली. तिच्याविरुद्ध उभ्या असलेल्या पूर्णिमाभाभींची. त्यांचे यजमान म्हणजे भनपुरीचे ट्रान्सपोर्टवाले शेठ. कुमुदचा नवरा शिरीष त्यांच्याच ऑफिसात मुन्शी.

"कुमुद दीदी ने अपना नाम वापस लेकर पूर्णिमा भाभी को समर्थन दिया है. कुमुद दीदी का बहुत-बहुत आभार..."

कुमुदला आधी वाटलं, दुसरी कोणी कुमुद असेल. वॉर्डात दुसरी कुमुद नव्हती. बोटावर घेतलेलं कुंकू बोटावरच राहिलं.

मीराबाईनं टोपली उचलली. "आमाले सांगायचं तरी होतं, ताई," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

दुपारी शिरीष जेवायला आला. कुमुद ताट न वाढता दाराशीच उभी होती.

"अहो, रिक्षावाले काय सांगून राहिले?"

"खरं हाय ते."

"मी कधी घेतलं नाव वापस?"

"काल. सही तूच केली ना."

काल सोमवार. सोमवारी सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत कुमुद बोलत नसे. माहेराहून आणलेलं महादेवाचं मौन होतं ते. काल ती बेलाची पानं धूत असताना शिरीषनं कागद पुढे धरला होता. तिनं भुवया उंचावल्या, तर म्हणाला, "घाई हाय, तीनच्या आत द्यायचा हाय." घडा निशाणीचाच कागद असेल, असं समजून तिनं ओल्या हातानंच सही केली होती.

"शेठ म्हनाले, तुमची बायको माह्या बायकोच्या विरोधात उभी राहाते? या वयात मले कोन ठेवीन, सांग?"

"हे मले सांगायचं होतं."

"तुयं मौन होतं."

"एक दिवस आधी सांगायचं. रविवारी काहून नाही सांगितलं?"

शिरीषनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "रविवारी तू नाही म्हनाली असती."

तिनं चौकट धरली. इतकी वर्षं याच माणसाच्या सुखासाठी ती सोमवारी तोंड मिटून होती. मग तिनं करंड्याचं झाकण लावलं, तो देव्हाऱ्यात ठेवला आणि ताट वाढलं.

पुढच्या सोमवारी तिनं नेहमीसारखी आंघोळ केली, पिंडीवर पाणी घातलं. शिरीष निघता निघता म्हणाला, "आज भाभीची सभा हाय. तुले स्टेजवर बसवतो म्हनतात. येशीन ना?"

उत्तरासाठी तो थांबलाच नाही. सोमवारी थांबायचं नसतं, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं.

कुमुदनं पिंडीपुढे डोकं टेकलं. क्षमा मागितली.

"नाही," ती म्हणाली.

शिरीष उंबऱ्यातच उभा राहिला. एक चप्पल पायात, एक हातात. तिचा सोमवारचा आवाज त्यानं आजवर ऐकला नव्हता.

ती त्याच्या बाजूनं घडा घेऊन बाहेर पडली. नळाशी बाया रांगेत होत्या. तिला पाहून बोलणी थांबली. मीराबाईनं वर पाहिलं नाही. पण आपला घडा थोडा सरकवला.

कुमुदनं आपला घडा तिथं टेकवला. नळाला अजून पाणी आलेलं नव्हतं.