दोन शटरांपुढे आडवी गाडी

सकाळी पहिल्यांदा इंजिन जागं झालं की गाडीला हुडहुडी भरायची. आधी बॉनेटखालून डब्यात खडे हलवल्यासारखा खडखडाट, मग स्टिअरिंगसकट सगळी गाडी थडथडायची आणि समोर पिवळा दिवा लागायचा. दोनेक मिनिटांत सगळं शांत, जसं काही घडलंच नाही. वरच्या मजल्यावरची शेजारीण तेवढ्यात खिडकी आपटून बंद करायची.

ताईची ही हायब्रिड टॅक्सी, थोडी विजेवर, थोडी पेट्रोलवर चालणारी. एका कंपनीनं पिळून काढलेली गाडी तिनं घेतली आणि पुढे स्वतःही पिळली. काट्यावर साडेतीन लाख किलोमीटर उलटले होते. घरात ती आणि आई, आणि कमावणारी ही गाडीच.

मेकॅनिक शोधायला तिला लांब जायचं नव्हतं. तिचे दोन्ही भाऊ मेकॅनिक होते. अडचण तीच होती.

वडिलांच्या वेळचं गॅरेज पूर्वी एक होतं. थोरला, म्हणजे दादा, गिअरबॉक्सचा माणूस. धाकट्याचा हात इंजिनावर बसलेला. धाकटा बाहेर शिकून स्कॅनर घेऊन आला आणि एका गिऱ्हाइकासमोर म्हणाला, की आमचे दादा कानानं गाड्या दुरुस्त करतात, म्हणजे सगळं अंदाजपंचे. दादानं त्याच गिऱ्हाइकासमोर त्याच्या थोबाडीत दिली. थोड्याच दिवसांत गॅरेजच्या मधोमध पत्र्याची भिंत उभी राहिली. एका छपराखाली दोन शटर, दोन पाट्या आणि अबोला. एकमेकांना काही सुनवायचं असलं, की ते पत्र्याकडे तोंड करून आपापल्या गिऱ्हाइकाला मोठ्यानं सांगायचे.

ताई आधी दादाकडे गेली, मोठा म्हणून. तो एका गाडीखाली झोपलेला होता. फक्त बूट दिसत होते.

"सकाळी थडथडते," ती म्हणाली. "आणि पळताना एक बारीक आवाज..."

"सकाळीच थडथडते ना? मग इंजिन मिसिंग करतंय, एखादं सिलिंडर पेटत नाहीये. पलीकडे ने."

"ऐकून तरी घे."

"ऐकलं. पलीकडे ने."

बूट जागचे हललेही नाहीत.

पलीकडे धाकट्यानं स्कॅनर लावला, पडद्यावर बोट फिरवलं आणि पत्र्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ताई, मिसिंगची नोंद आहे, पण ती फसवी. गिअरबॉक्स आतून झटके देतोय, त्यानं इंजिन दचकतं आणि कम्प्यूटरला वाटतं इंजिनच बिघडलं. मी नोंदी पुसून टाकल्यात. आता गाडी तिकडे ने."

पत्र्यापलीकडून हातोडी आपटल्याचा आवाज आला. "पुसल्या? नोंदी पुसल्या? पुरावाच पुसून टाकला म्हणावं शहाण्यानं."

मग तिचा चेंडू झाला. दादानं गिअरबॉक्सचं तेल बदललं. जुनं तेल काळं होतं, त्यात चंदेरी कण चमकत होते. तो म्हणाला, एवढ्या पळालेल्या गाडीत असायचेच, गिअरबॉक्स ठणठणीत आहे. धाकट्यानं प्लग आणि कॉइल बदलल्या. दोन दिवस गाडी शहाण्यासारखी वागली, तिसऱ्या सकाळी पुन्हा थडथडली. "सांगितलं होतं ना," असं दोघंही म्हणाले. दोघांच्याही सुरात काळजीचा लवलेश नव्हता, उलट समाधानच जास्त होतं. ते ताईच्या डोक्यात गेलं. पण धंदा बुडवून भांडायला तिला सवड नव्हती.

गाडी अखेर उड्डाणपुलाच्या चढावर बसली. मागच्या सीटवर पायाला प्लास्टर घातलेला एक माणूस होता. इंजिन गुदमरल्यासारखं झालं, गाडीचा जोर गेला, आणि ती चढाच्या मधोमध रांगत रांगत थांबली. मागून ट्रक भोंगे वाजवू लागले. एकानं काच खाली करून तिच्या आईवरून शिवी दिली.

"बाई," प्लास्टरवाला म्हणाला, "गाडी धड नसेल तर लोकांना बसवता कशाला?"

त्या माणसाला उन्हात कठड्याला टेकून दुसऱ्या गाडीची वाट बघावी लागली आणि तो तिच्याकडे बघायचंही टाळत राहिला. ती शरम तिला भावांच्या दोन्ही शटरांपेक्षा जड वाटली.

टोचन लावून गाडी ओढून आणणाऱ्यानं गॅरेजपाशी आल्यावर विचारलं, "कुठल्या शटरपुढे सोडू?"

"दोन्ही. आडवी सोड."

त्यानं एकदा तिच्याकडे, एकदा दोन पाट्यांकडे पाहिलं आणि गाडी आडवी सोडून पाय काढता घेतला. गाडीचं नाक दादाच्या शटरपुढे, शेपूट धाकट्याच्या. आतली गाडी बाहेर येईना आणि बाहेरची आत जाईना. ताईनं किल्ली मुठीत धरली आणि बॉनेटला टेकून उभी राहिली.

दोघं एकदमच बाहेर आले.

"हे काय लावलंयस?" दादा म्हणाला. "माझं गिऱ्हाईक यायचंय आता."

"येऊ दे. बसेल."

"ताई, माझी डिलिव्हरी आहे," धाकटा म्हणाला. "त्यांच्यापुढे लाव ना तुझी गाडी. बिघाड त्यांच्या खात्यातला आहे."

"बिघाड कुणाच्या खात्यातला ते ठरेपर्यंत गाडी इथून हलणार नाही," ती म्हणाली. आवाज चढवायचा नाही असं तिनं ठरवलं होतं, पण तळपायाची आग मस्तकात गेली होती. "आई अंथरुणाला खिळली तेव्हाही तुम्ही हेच केलंत. दादा म्हणाला धाकट्याकडे ने, त्याचं घर मोठं. तू म्हणालास दादाकडे ने, तो थोरला. मी माझ्याकडे नेली. कारण ती माणूस होती, अशी मधे आडवी ठेवता येत नव्हती. गाडी ठेवता येते."

दादा जमिनीकडे बघत राहिला. धाकटा म्हणाला, "तो विषय इथे कशाला?"

"मग दुसरा कुठे काढू? घरी तर येत नाही तुम्ही."

दादानं हात पुसले. "ठीक आहे. आत्ताच सोक्षमोक्ष लावू. ही गाडी नुसत्या विजेवर हळू चालते. इंजिन बंद ठेव, मागच्या गल्लीतून चालव. आवाज आला नाही, की गिअरबॉक्स निर्दोष. मग या पत्र्यापलीकडच्यानं तोंड शिवून घ्यावं."

"चालेल," धाकटा म्हणाला. "मीही बसतो. नाहीतर नंतर सांगतील, काहीच ऐकू आलं नाही."

गाडी गार झाली होती आणि विजेवर हलत होती. दादा पुढे बसला, धाकटा मागे. तिघं एका गाडीत कधी बसले होते, ते तिला आठवेना. गल्ली रिकामी होती. एका बाजूला गोदामांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला जाळीचं कुंपण. तिनं गाडी सोडली. आधी नुसता टायरचा आवाज. मग थोडा वेग आला आणि पायाखालून एक बारीक 'ऊं' उठला. वेग वाढला तसा तो वाढला, पाय काढला तसा उतरला. दोन फेऱ्या झाल्या, दोन्ही वेळा तोच.

मागून धाकट्यानं अगदी गोड आवाजात विचारलं, "इंजिन बंद आहे ना, ताई?"

"बंद आहे."

"नाही, खात्री केलेली बरी."

दादाची मान ताठ झाली. त्यानं कान खाली नेला आणि तळहात मधल्या कन्सोलवर टेकवला. "बेअरिंग," तो शेवटी म्हणाला, कुणी बळजबरीनं वदवून घेतल्यासारखा. "गिअरबॉक्सचं बेअरिंग घासतंय." आणि लगेच, "पण त्यानं गाडी सकाळी थडथडत नाही. ते इंजिनच."

"इंजिन कोरडं आणि स्वच्छ आहे."

"दाखव म्हणावं."

"दाखवतो की."

गाडी पुन्हा आडवी लावली गेली. ताईनं तेवढी अट सोडली नाही. धाकट्यानं कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीवर हातपंप बसवला, हवेचा दाब भरला आणि काटा दादाला दिसेल असा फिरवून ठेवला. "सकाळपर्यंत हा काटा इथेच असेल. आत पाणी गळत नाही म्हणजे नाही."

सकाळी ताई पोहोचली तेव्हा दोघंही आधीच हजर होते, आपापल्या शटरच्या कडेला, तोंडं विरुद्ध दिशांना करून. काटा निम्म्याच्या खाली उतरला होता. जमिनीवर मात्र एक थेंब नव्हता. म्हणजे पाणी बाहेर गेलं नव्हतं, आत कुठेतरी मुरलं होतं.

धाकट्यानं प्लग काढले आणि एकेका भोकातून बोटाएवढा कॅमेरा आत सोडला. पडद्यावर पहिला पिस्टन दिसला, काजळीनं काळा. दुसरा काळा. तिसरा मात्र कुणी घासून पुसल्यासारखा लख्ख, आणि त्याच्या काठाला गुलाबी कूलंटचं डबकं. चौथा पुन्हा काळा.

इंजिनाचं हेड गॅस्केट, म्हणजे वरच्या झाकणाखालची चपटी गादी, फुटलं होतं. रात्रभर त्या फटीतून कूलंट सिलिंडरमध्ये झिरपायचं, सकाळी ते ओलं सिलिंडर पेटायचं नाही, आणि उरलेली तीन गाडीला हिसके देत राहायची.

दादा पडद्यावर वाकला. "बरंच मोठं दिसतं की यात," तो म्हणाला. "छान आहे हो मशीन. नोंदी पुसण्याऐवजी हे आधी वापरलं असतं, तर पुलावर गाडी बसली नसती."

धाकटा लालबुंद झाला. "आणि तेलात धातूचे कण बघून ठणठणीत म्हणणारे कोण?"

"याच्या इंजिनाच्या हिसक्यांनीच तो गिअरबॉक्स मेला."

"मेला? काल तर निर्दोष होता."

"पुरे," ताई म्हणाली. "दोन्ही बिघडलंय. दोघं मिळून खोला."

इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच खाली काढायचं होतं, आणि गाडी उचलायची लिफ्ट दादाकडे, इंजिन टांगायची क्रेन धाकट्याकडे. म्हणून भिंतीचा एक पत्रा काढावा लागला. दोघांनी आपापल्या बाजूचे स्क्रू काढले.

काम सुरू करण्याआधी धाकट्यानं मागच्या बॅटरीचा सेफ्टी प्लग ओढला. तो काढला की नारिंगी वायरींमधली वीज तुटते, आणि काम संपेपर्यंत कुणी चुकून परत लावू नये म्हणून तो खिशात ठेवतात. धाकट्यानं तो खिशात टाकला. दादानं हात पुढे केला.

"इकडे द्यायला सांग. वायरींत हात मी घालणार आहे. माझा जीव मी याच्या खिशात ठेवणार नाही."

हे तो ताईकडे बघून म्हणाला होता. धाकट्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकन गेलं. राग नव्हता तो. प्लग त्यानं ताईच्या हातात ठेवला, आणि मग सगळे दिवस तो तिच्याच पर्समध्ये राहिला.

दिवसभर ती त्या उघड्या पत्र्यापाशी स्टूल टाकून बसायची. "त्याला सांग, तो खालचा बोल्ट सैल कर." "त्यांना सांग, केव्हाच केलाय." चार हातांवरच्या दोघांची बोलणी तिच्यामार्फत जायची. तरी काम मात्र सुरळीत चालायचं. एकाचा हात मागे आला की त्यात दुसरा न मागता बरोबर पाना ठेवायचा. ते पाहून तिला क्षणभर बरं वाटलं, आणि लगेच स्वतःचाच राग आला.

इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे केल्यावर मधली झटके झेलणारी स्प्रिंगची तबकडी हातात आली. दोन स्प्रिंगा तुटलेल्या, एक गायब. खडे हलवल्यासारखा आवाज यायचा तो याच तबकडीतून. आता ती तबकडी कुणाच्या खात्यातली, यावर तासभर जुंपली. दादा म्हणे इंजिनाच्या मागे लागते, धाकटा म्हणे गिअरबॉक्सच्या पुढे. ताईनं तोवर फोन करून नवी मागवली.

तबकडी, गॅस्केट आणि बेअरिंग नवं बसलं आणि गाडी तयार झाली. सकाळी थंड असताना सुरू केली, तर इंजिन एका दमात, गुळगुळीत लागलं. गल्लीत दोन फेऱ्या मारल्या, 'ऊं' गेला होता. धाकटा लगोलग पत्रा परत बसवायला लागला आणि त्यानं पूर्वीपेक्षा जास्त स्क्रू मारले. दादा पलीकडून म्हणाला, "हवं तर वेल्डिंगच करून घे म्हणावं."

ताई गाडीत बसली तेव्हा दादा खिडकीशी आला. "आईला एकदा इकडे घेऊन ये. बसवून आण गाडीतून. माझं पाहणंही होईल."

"घेऊन यायचंच असेल तर माझ्याकडे आण," पाना पुसत धाकटा म्हणाला. "तिकडे तेलाचा वास असतो."

ताईनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"आई घरी आहे," ती म्हणाली. "ज्याला पाहायचं असेल त्यानं जिना चढून यावं. मी तिला इकडून तिकडे फिरवणार नाही."

दादानं जबडा आवळला. मग तिच्याकडे पाठ करून तो धाकट्याला, कित्येक वर्षांत पहिल्यांदाच सरळ धाकट्याला, म्हणाला, "हे तुझ्यामुळे ऐकावं लागलं."

"माझ्यामुळे? थोरले तुम्ही."

"आणि घर कुणाचं मोठं?"

दोघं समोरासमोर उभे राहून एकमेकांवर बोटं रोखू लागले. ताईनं गाडी मागे घेतली. बॅटरी भरलेली होती, इंजिन लागलंच नाही. आवाज न करता ती रस्त्याला लागली. ती गेल्याचं त्या दोघांना कळलं नाही.